सहकारी ऑफिसातला महेंद्र साळवे

खरं सांगा, 'सहकारी' हा शब्द वाचला की तुमच्या डोळ्यांपुढं पहिल्यांदा काय येतं? पुण्यामुंबईचे असाल तर हौसिंग सोसायटी आणि तिच्यातलं पार्किंगचं भांडण. नगर जिल्ह्यातले असाल तर सांगायलाच नको. उसाने भरलेली गाडी, कारखान्याचं धुराडं, चेअरमनची पांढरी मोटार आणि निवडणूक. जिल्ह्याच्या पाट्या बदलून अहिल्यानगर झालं, पण हे काही बदललं नाही. आमच्याकडच्या पोराला बाराखडीच्या आधी पॅनल म्हणजे काय ते कळतं.

म्हणून सुप्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला, 'लवकरच येत आहे! आपणा सर्वांचे नवे सहकारी कार्यालय', तेव्हा पुढं जे घडलं त्यात लोकांची काय चूक?

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. गाड्यांचे सुटे भाग बनवते, एवढं पुरे. कंत्राटी बायांच्या प्रश्नावर मी त्या गेटवर उन्हात बसलेली आहे. वॉचमनपासून मालकापर्यंत सगळे मला ओळखतात. प्रेमानं ओळखतात असं मी म्हणत नाही.

फ्लेक्स केला होता एचआरच्या आदिनाथनं. मालकांनी जुनं ऑफिस मोडून नवं करायचं ठरवलं होतं. कप्पे नकोत, केबिना नकोत, सगळ्यांनी लांब टेबलांवर एकत्र बसून, एकमेकांशी बोलून काम करायचं. त्यासाठी पुण्याहून स्नेहल नावाची डिझायनर आणली होती. तिनं मीटिंगमध्ये 'कोलॅबोरेटिव्ह वर्कस्पेस' असा शब्द वापरला. आदिनाथनं तो मोबाईलला विचारला. मोबाईल काही नगर जिल्ह्यात वाढलेला नाही. त्यानं सांगितलं, सहकारी.

दुपारी कँटीनमध्ये स्टोअरचे काकासाहेब बसले होते. श्रीगोंद्याकडचे, ऊसवाले, साखर कारखान्याचे जुने सभासद. त्यांनी डब्याचं झाकण काढायच्या आधी विचारलं, "चेअरमन कोन?"

"कशाचा?" आदिनाथ म्हणाला.

"सहकारी लिव्हलंय न्हवं? मग चेअरमन आला, संचालक आले, इलेक्शन आलं. का आमाला वाचता येत न्हाई?"

"काका, सहकारी म्हणजे सगळ्यांनी मिळून मिसळून काम करायचं."

"मंग कारखान्यात काय तोंडं फिरवून करत्यात व्हय?"

जेवणाची सुट्टी संपायच्या आत दोन पॅनल उभी राहिली. एक स्वतःची केबिन असलेल्या काकासाहेबांचं, 'केबिन बचाव'. दुसरं क्वालिटीच्या सृष्टीचं, 'मोकळी हवा'. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी भेळ वाटली. सृष्टीनं वडापाव वाटले. भेळ खाल्लेल्यांनी वडापावही खाल्ला, हे सांगायला नको. आमचे मतदार तयार आहेत.

त्याच संध्याकाळी मला महेंद्रचा फोन आला. "ताई, कंपनी सहकारी होतीय म्हनं. अन् माझी केबिन मोडत्यात."

पहिल्या वाक्याला मी हसले. दुसऱ्या वाक्याला उठून चप्पल घातली.

महेंद्र साळवेची आणि माझी ओळख भांडणातूनच झालेली. जयंतीला डीजे आणायचा की वाचनालयाला कपाट घ्यायचं, यावरून वस्तीत दोन तट पडले होते. महेंद्र कपाटाच्या बाजूनं. तेव्हा तो नुकताच कंपनीत लागलेला, अंगानं काटकुळा, बोलायला हळू. आवाज न चढवता तो बोलतो, याचा मला पहिल्यापासून राग येतो, कारण मला ते जमत नाही. पण कपाट आलं.

महेंद्रची नोकरी कशी झाली हे सांगायचं तर त्याच्या बसायच्या जागा सांगाव्या लागतात. पहिली काही वर्षं त्याला जागाच नव्हती. डिस्पॅचच्या खिडकीत उभं राहून ट्रकवाल्यांना गेटपास द्यायचा. मग टेबल मिळालं, ते संडासाच्या दाराशेजारी. येणारा-जाणारा त्याच्या पाठीला घासून जायचा. मग हॉलमध्ये, पण जिथं पंखा पोचत नाही त्या कोपऱ्यात. तुम्ही म्हणाल, त्यात काय, नव्या माणसाला सगळीकडं असंच असतं. असेल. पण त्याच्यामागून लागलेले पंख्याखाली पोचले आणि हा कोपऱ्यातच राहिला, हेही तितकंच खरं. मी कुठल्याही ऑफिसात गेले की आधी बघते, खिडकी कुणाला आणि संडास कुणाला. लोक काय बोलतात ते नंतर ऐकते.

शेवटी गेल्या दिवाळीत जुने डिस्पॅच मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांची केबिन महेंद्रला मिळाली. केबिन म्हणजे काय महाल नव्हे. प्लायवूडचं पार्टिशन, वर दुधी काच, उगवत्या सूर्याच्या चित्राचं कॅलेंडर, दार पावसाळ्यात फुगून बसणारं. तरी त्यानं पेढे वाटले. आणि होळीच्या आधी फ्लेक्स लागला.

मग मला राग येईल की नाही? इतकी वर्षं त्या केबिना तशाच होत्या. सनमायका उडाला, फॉल्स सीलिंगमधून उंदीर पडले, कुणाला काही सुचलं नाही. आणि हा माणूस आत बसला तशी सगळ्यांना मोकळ्या हवेची आठवण झाली?

मी सुप्याला पोचले तेव्हा स्नेहल हॉलमध्ये मोजमाप घेत होती. तिशीतली मुलगी, पायात बूट, केसांत पेन्सिल खोचलेली. मी नमस्कार-चमत्कार करत बसले नाही.

"ह्याला केबिन मिळाल्यावरच तुम्हाला केबिना का नकोशा झाल्या?"

"ताई, हळू," महेंद्र म्हणाला.

"हळू तू बोल. तुझं झालं की मी बोलते."

ती गडबडली नाही. टेप गुंडाळत म्हणाली, "मला बोलावलं तेव्हा केबिन कुणाची, मला माहीत नव्हतं. पण मला बोलवायचं त्यांच्या डोक्यात कधी आलं, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही शेठना विचारा."

हे उत्तर मला आवडलं. खोटं बोलायचं असतं तर तिला सोपं होतं. मी ते शेठना पुढं विचारलंही. ते म्हणाले, "योगायोग." मी आजही त्या शब्दाभोवती फिरते आहे. पटत नाही आणि खोटा आहे असंही सिद्ध करता येत नाही.

आम्ही महेंद्रच्या केबिनमध्ये गेलो. स्नेहल त्याच्याकडं वळली. "सर, केबिनमधलं तुम्हाला नक्की काय ठेवायचंय? ते सांगा. मी नव्या ऑफिसात त्याला जागा करते."

प्रश्न साधा होता. महेंद्र विचार करायला लागला.

"फोन," तो म्हणाला. "ड्रायव्हरांशी लई मोठ्यानं बोलावं लागतं."

"फोनसाठी दार लावायच्या छोट्या खोल्या केल्यात. दोन आहेत."

"कागद."

"कपाटं भिंतीत आहेत. चावी तुमच्याकडं."

"एसी तर मला न्हवताच," तो म्हणाला आणि केबिनभर नजर फिरवायला लागला. मलाही उत्सुकता लागली. मी भांडायला आले होते, पण नक्की कशासाठी भांडायचं हे मलाही माहीत नव्हतं, असं तिथं लक्षात आलं. प्लायवूडसाठी? फुगलेल्या दारासाठी?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. एक ड्रायव्हर डोकावला. खांद्यावर गमछा, हातात कागद. "साहेब, आत येऊ का?"

"या," महेंद्र म्हणाला. सही केली, तो गेला.

मग महेंद्र दाराकडं बोट करून म्हणाला, "हे."

"दार?" स्नेहलनं विचारलं.

"दार न्हाई मॅडम. हे आत्ता त्यांनी इचारलं ते. आत येऊ का." त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "ह्याच दारात मी उभा ऱ्हायचो. 'आत येऊ का साहेब?' आतून यायचं, 'थांब.' फोन चालू न्हाई, कुनी बसलेलं न्हाई, तरी थांब. माझा बाप चावडीवर असाच थांबायचा. आमच्यात थांबायची सवय हाय. पन 'या' म्हनायची पाळी पयल्यांदा माझ्यावर आली. अन् मी कुनाला 'थांब' म्हनलो न्हाई अजून. इचारा कुनालाबी."

स्नेहलनं केसांतली पेन्सिल काढली, परत खोचली. "ह्याला नकाशात काय म्हणतात, मला माहीत नाही," ती म्हणाली.

मी भांडायचं विसरले. माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

इकडं सहकाराचा गोंधळ वाढतच होता. आदिनाथ फ्लेक्स उतरवायला निघाला, तर मालक उत्तमराव शेठनीच त्याला अडवलं. "आता काढला तर लोक म्हनतील, सहकार मोडला. राहू दे." उत्तमराव पारनेर तालुक्यातले, पाण्याच्या टँकरपासून कंपनीपर्यंत आलेले. एकदा कारखान्याच्या संचालक मंडळाला उभे राहिले होते आणि आपटले होते. सभा, सूचक, अनुमोदक असले शब्द ऐकले की त्यांचं अंग अजून फुरफुरतं. त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं, "घ्या की सभा. एक मानूस, एक मत. कँटीनमध्ये, शनिवारी."

स्नेहलला वाटलं, ऑफिसचं डिझाइन लोकांच्या मतानं होतंय, किती छान. तिला पॅनल माहीत नव्हती.

शनिवारी कँटीन गच्च. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी पुढच्या बाकावर बसले. काकासाहेब फेटा बांधून आलेले. बोलायला उठले ते थेट मुद्द्यावर. "केबिन ही मानसाची इज्जत हाय. उद्या म्हनाल, डबाबी मांडीवर घिऊन खावा!" टाळ्या.

मग सृष्टी उठली. सुप्याचीच पोरगी, इंजिनिअर, दोन कपाटांच्या मागं बसते. "काका, तुमची इज्जत दाराआड. पण आमच्या कामाचं सगळं त्याच दाराआड ठरतं आणि आम्हाला नोटीस बोर्डावर कळतं. मी कपाटामागं असते. मी आले की नाही, हे चहावाल्यालाच माहीत असतं. मला तरी समोर बसवा." टाळ्या तितक्याच. मला तिचंही पटलं, हीच अडचण होती. दोन्ही बाजू पटणारं भांडण माझ्या कामाचं नसतं.

मतं जवळजवळ सारखी दिसत होती. डिस्पॅचवाले तेवढे गप्प. ते महेंद्रकडं बघत होते. काकासाहेबांनी टोमणा मारलाच, "महेंद्रराव, तुमी तर आमचेच की! हळद लागली अन् मांडव मोडला, अशी गत तुमची."

महेंद्र उभा राहिला. "मला मत द्यायच्या आधी एक इचारायचंय. वरच्या मजल्यावरची केबिन नकाशात हाय का?"

वरच्या मजल्यावर उत्तमरावांची केबिन. लाकडी दार, बाहेर बाक, बाकावर ताटकळणारे.

स्नेहलनं खरं ते सांगितलं. "आहे."

"अरं, ती मालकाची हाय!" उत्तमराव हसून म्हणाले.

"शेठ, सहकारात चेअरमनलाबी एकच मत असतं. तुमीच म्हनला, एक मानूस, एक मत."

कँटीन हसलं. उत्तमरावही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

"माझं म्हननं एवढंच हाय," महेंद्र म्हणाला. "सगळ्यांच्या जानार असतील तर माझी पयली पाडा. हातोडा मी आनतो. पन एकाची राहनार असंल तर माझीबी राहील. मग मी हितनं उठनार न्हाई."

हसणं थांबलं. उत्तमरावांनी माझ्याकडं बोट केलं. "हे तुला ह्या बाईनं शिकवलं काय रं?"

"मी शिकवलं असतं तर त्यानं तुमची खुर्चीसुद्धा मागितली असती," मी म्हणाले.

"कुनी शिकवलं न्हाई शेठ," महेंद्र म्हणाला. "तुमच्याच बाकावर बसून शिकलो."

आता काय होणार? मला वाटलं, सभा उधळली. उद्या महेंद्रची बदली, परवा माझं गेटवर बसणं. मी मनात घोषणा जुळवायलाही लागले होते. महेंद्र तसाच उभा होता. त्याच्या कपाळावर घाम होता, तो पुसायलाही हात वर गेला नाही.

उत्तमराव बराच वेळ टेबलावरचा चहाचा कप गोल फिरवत राहिले. मग काकासाहेबांना म्हणाले, "मी एकदा पडलोय. तवा लोकांनी तोंडावर हो म्हनून मागं घात केला. हा तोंडावर बोलतोय." आणि स्नेहलला म्हणाले, "काढा माझीबी."

हे त्यांनी का केलं? मी पुष्कळ विचार केला. चिडून? फुशारकीनं? सभा जिंकायची एकदा तरी हौस भागावी म्हणून? की वर एकटं बसून त्यांनाही कुणी खरं सांगत नव्हतं? काकासाहेब म्हणतात, "राजकारन हाय त्याचं, पुढच्या इलेक्शनची तयारी." सृष्टी म्हणते, तिच्या भाषणाचा परिणाम. सगळे आपापलं घोडं पुढं दामटतात. मला खरंच माहीत नाही.

मतदान घ्यायची गरजच उरली नाही. पुढच्या महिन्यात हातोडे चालले. पहिली केबिन महेंद्रची पडली, ठरल्याप्रमाणे. हातोडा त्यानं आणला, पण मारला नाही. "हात उचलंना," म्हणाला. सुताराच्या हातात देऊन तो मालाची गाडी बघायला गेला.

नवं ऑफिस बघायला मी पावसाळ्यानंतर गेले. उजेड भरपूर, लांब पांढरी टेबलं, भिंतीला हिरवा रंग, कोपऱ्यात फोनच्या बंद खोल्या. स्नेहलनं नियम केला होता, कुणाचीही जागा ठरलेली नाही. रोज येईल त्यानं वाटेल तिथं बसायचं. म्हणजे रोज नवा शेजारी, नवी ओळख. कल्पना चांगली आहे. पण आम्ही एसटीत वाढलेली माणसं. स्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरायची, हे आम्हाला जन्मजात येतं. सकाळी शिफ्ट लागायच्या आधीच निम्म्या खुर्च्यांवर रुमाल, टोप्या, डब्याच्या पिशव्या. काकासाहेबांनी तर खिडकीजवळ फेटाच ठेवलेला. सृष्टीनं ओढणी टाकून मैत्रिणीची जागा धरलेली. स्नेहल मला फोनवर म्हणाली, "ताई, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नाही." म्हटलं, पुस्तकवाले आमच्या एसटीत बसलेत कधी?

महेंद्र मधल्या टेबलावर होता. पाठ येण्याजाण्याच्या वाटेकडं. मी मागून हाक मारली तर दचकला.

"सवय न्हाई अजून," तो म्हणाला. "दार हुतं तवा कळायचं, कोन येतंय. आता ड्रायव्हर येतो, पाठीवर थाप मारतो, खुर्ची वडून बसतो. प्रेमानंच. पन मी दचकतो."

"मग पस्तावा होतो का?"

"पस्तावा न्हाई. सृष्टी आता मला रोज सांगते, कुठला माल परत आला अन् का आला. पयलं ते मला आठवड्यानं कळायचं. काम लई सुदारलं." त्यानं खुर्ची माझ्याकडं वळवली. "पन ताई, मी हरलो का जिंकलो, ते तुमी सांगा."

मला सांगता आलं नाही. एरवी मी न विचारता सांगते.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात उत्तमराव आले. हातात चहाचा कप, डोळे जागा शोधत. सगळीकडं रुमाल. मालक आपल्याच ऑफिसात स्टँडवरच्या प्रवाशासारखा फिरत होता आणि लोक मान खाली घालून हसू दाबत होते. महेंद्रच्या शेजारची खुर्ची तेवढी रिकामी, पण तिच्यावरही रुमाल.

"रुमाल कुनाचा?" उत्तमरावांनी विचारलं.

"माझा," महेंद्र म्हणाला. "ताईंसाठी धरली हुती."

मी उभीच राहिले. बसायचं सुचलंच नाही मला. उत्तमराव कप सावरत उभे. त्यांना रुमाल उचलून फेकता आला असता. कंपनी त्यांची, खुर्ची त्यांची. त्यांनी रुमालाकडं पाहिलं, महेंद्रकडं पाहिलं आणि म्हणाले, "बसू का?"

महेंद्रनं रुमाल उचलून खिशात ठेवला. "या, बसा."

आता तुम्हाला वाटेल, झालं, गोष्ट गोड झाली. झाली नाही. हे एकदा घडलं. दुसऱ्या दिवशी उत्तमराव विसरले आणि धपकन येऊन बसले, असं महेंद्रच सांगतो. ड्रायव्हर पाठीवर थाप मारतातच. आदिनाथ त्याच्या टेबलावर न विचारता डबा उघडतो. कुणाच्या मनात काही वाईट नसतं. भिंत गेली, तशी विचारायची गरजही गेली, असं सगळ्यांना वाटतं. महेंद्र बोलत नाही. तो आवाज चढवत नाही, हे मी आधीच सांगितलं.

म्हणून मी चढवते. पुणे रस्त्यानं येता-जाता सुप्याच्या त्या ऑफिसात तुमचं काही काम निघालं, तर मधल्या टेबलावर चष्मा लावलेला, हळू बोलणारा माणूस बसलेला दिसेल. त्याच्या मागून जाऊ नका. वळसा घालून समोर या, आणि खुर्ची ओढायच्या आधी एकदा विचारा, "महेंद्रराव, बसू का?"